नवतप्यातली जनरेटरची लोड टेस्ट: तीन दिवस कशात गेले

जनरेटर तपासायला त्यावर मुद्दाम भार टाकणारी लोड बँक भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या ऑपरेटरने सहीसाठी पुढे केलेला कागद मी अजून जपून ठेवलाय. त्यावर लिहिलंय, ‘५० टक्के भारावर चाचणी घेतली. स्थानिक तापमान जास्त असल्याने पुढील भार देता आला नाही.’ मी सही केली नाही. वर्ष होत आलं, तरी तो कागद हाती लागला की राग येतो. त्यातलं तापमानाचं कारण खोटं होतं, आणि ते खोटं ठरवायला मला तीन दिवस घालवावे लागले.

नागपुरात धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयाचं विद्युत काम मी बघते. आमच्याकडे ५०० केव्हीएचा एक डीजी (डिझेल जनरेटर) आहे आणि आयसीयू-ओटीसाठी २५० केव्हीएचा दुसरा. मोठा डीजी ४०० किलोवॅट देऊ शकतो, पण एरवी त्यावर ऐंशी-नव्वद किलोवॅटच्या वर भार येत नाही. एप्रिलच्या वादळात वीजपुरवठ्याचा फीडर गेला आणि एसीचे दोन्ही चिलर एकापाठोपाठ सुरू झाले, तेव्हा त्याने काळाकुट्ट धूर सोडला आणि फ्रिक्वेन्सी इतकी पडली की एक चिलर बंद करावा लागला. नंतर बघितलं तर सायलेन्सरच्या जोडातून काळं, चिकट, तेलकट गळत होतं. डिझेल इंजिन सतत हलक्या भारावर चाललं की सिलिंडर नीट तापत नाहीत, डिझेल पुरतं जळत नाही आणि न जळलेलं धुराड्यात साचत जातं. याला वेट स्टॅकिंग म्हणतात. आठवड्याला दहा मिनिटं रिकामा डीजी चालवून रजिस्टरमध्ये ‘ओके’ लिहिण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे, आमच्याकडेही होती. तिनेच हे दुखणं वाढवलं.

अमेरिकेच्या एनएफपीए ११० या मानकात सांगितलंय की महिन्यातून एकदा निदान ३० टक्के भारावर अर्धा तास चालवा. तेवढा भार मिळत नसेल तर वर्षातून एकदा लोड बँक लावून अर्धा तास ५० टक्के आणि लगेच एक तास ७५ टक्के भार द्या. व्यवस्थापनापुढे मी तेच मांडलं. मंजुरी, कोटेशन, डिझेल सगळं वेळेत झालं. फक्त तारीख मिळाली ती नवतप्यातली, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतली.

ज्यांनी लोड बँक बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. ती एक भलीमोठी शेगडी असते. आत तारेची हीटिंग एलिमेंट आणि ती थंड ठेवायला पंखे. ४०० किलोवॅट म्हणजे दोन किलोवॅटचे दोनशे गिझर एकाच पेटीत. ती सगळी उष्णता हवेनेच बाहेर न्यायची असते, म्हणून पंखा हा त्या मशीनचा प्राण. आमच्याकडे आलेल्या मशीनमध्ये हवा खालच्या जाळीतून आत जाऊन वरून बाहेर पडायची. पंख्यांना वीज मिळायची ती डीजीकडून येणाऱ्या मुख्य केबलवरूनच.

पहिल्या दिवशी सकाळी दहाला जोडणी झाली. २५ टक्के भार म्हणजे १०० किलोवॅट, फेजला १३९ अँपिअर. तिन्ही फेज सारखे. पंधरा मिनिटं काही झालं नाही. मग ५० टक्के, २७८ अँपिअर. आठव्या मिनिटाला लोड बँक ‘हाय टेंपरेचर’ दाखवून ट्रिप. थंड होऊ दिली, परत लावली, परत ट्रिप. तिसऱ्यांदा सहाव्याच मिनिटाला. ऑपरेटर म्हणाला, “मॅडम, बाहेर ४५ डिग्री आहे. यात कुठलीच मशीन चालत नाही. तुम्ही आत एसीत बसा, मी बघतो.”

मी आत गेले नाही. त्याचं म्हणणं मात्र त्या दिवशी मला पटलं. नागपुरात मे महिन्यात कशालाही उन्हाचं कारण दिलं की आपण मान डोलावतो.

मी त्याच्या वरिष्ठांना फोन केला. तेही तेच बोलले, वर म्हणाले की पावसाळ्यानंतर करू, आत्ताचं भाडं मात्र लागेल. मी म्हटलं, पहाटे करू. भूलतज्ज्ञ मॅडमना भेटून दुसऱ्या दिवशीची पहिली शस्त्रक्रिया नऊपर्यंत पुढे ढकलून घेतली. हे करावंच लागतं, कारण मोठा डीजी लोड बँकेवर असताना रुग्णालयाच्या मागे फक्त छोटा डीजी उरतो. लाइन गेली तर लोड बँक काढून बदली कोण करेल, कुठला ब्रेकर आधी उघडेल, हे आम्ही कागदावर लिहून पॅनेलला चिकटवलं होतं. तुम्हीही चिकटवा. त्या घाईत कुणालाच काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बाहेर ३१ अंश. ५० टक्के भार दिला. दहाव्या मिनिटाला ट्रिप.

चौदा अंश कमी झाले आणि मशीन फक्त दोन मिनिटं जास्त टिकली. ऊन हे कारण नाही, हे मला तिथेच कळलं. मी तसं म्हटलं तर ऑपरेटर डीजीवर घसरला: तुमचं व्होल्टेज जास्त आहे, म्हणून एलिमेंट जास्त तापतात. हे तत्त्व खरं आहे. रेझिस्टिव्ह, म्हणजे हीटरसारखा भार व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो, ४१५ व्होल्टला ४०० किलोवॅट देणारी बँक ४०० व्होल्टला ३७२ च्या आसपास देते. पण माझ्या मीटरवर बरोबर ४१५ होतं, आणि अँपिअर हिशेबाप्रमाणेच. मग तो म्हणाला जाळी तुंबली असेल. आमच्या पार्किंगच्या भिंतीलगत सावरीचं झाड आहे, मे महिन्यात त्याचा कापूस आवारभर उडतो. खरंच, मशीनच्या वरच्या जाळीवर कापसाचा थर बसला होता. मी स्वतः शिडीवर चढून ब्रशने काढला. पुन्हा लावलं, बाराव्या मिनिटाला ट्रिप. तोवर आठ वाजले होते आणि वरून ओटीचे फोन यायला लागले. दुसरा दिवसही वाया गेला. संध्याकाळी तो कागद माझ्यासमोर आला.

कापूस वरच्या जाळीवर होता. हवा वरून बाहेर पडत असती तर कापूस तिथे बसलाच नसता. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी ते मशीन उचलायला येणार होते. मी त्यांना एक शेवटची पहाट मागितली. आमच्याकडे एक हेल्पर आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या दिवशी मोहल्ल्यात कूलर दुरुस्त करतो. तो मशीनजवळ उभा राहून पायाशी हात फिरवत होता. मला म्हणाला, “मॅडम, खालून गरम हवा येऊन राहिली. हा पंखा उलटा फिरून राहिला जी.” दोन दिवस आम्हा सगळ्यांच्या पायाला झळ लागत होती. पण नवतप्यात झळ कुठून येते हे कोण बघतं?

त्याने वर्तमानपत्राचं पान खालच्या जाळीसमोर धरलं. कूलरला बाहेरून पान चिकटलं पाहिजे, तसं इथेही चिकटायला हवं होतं. ते फडफडत लांब गेलं.

मग सगळं स्पष्ट झालं. कंपनीच्या केबल सगळ्या काळ्या होत्या, टोकांना रंगीत टेप. दोन केबलच्या टेप उन्हाने सुटून गेल्या होत्या आणि जोडताना वाय-बी, म्हणजे पिवळ्या-निळ्या फेजची अदलाबदल झाली होती. हीटरला फेजचा क्रम कळत नाही, म्हणून अँपिअर तंतोतंत, व्होल्टेज तंतोतंत, सगळी रीडिंग निर्दोष. तीन फेजची पंख्याची मोटर मात्र क्रम बदलला की उलटी फिरते. हवा वाहते, पण कमी, आणि गरम हवेच्या वर जाण्याच्या ओढीविरुद्ध. मी कंट्रोल बॉक्स उघडायला लावला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. हवेचा प्रवाह तपासणाऱ्या स्विचच्या दोन्ही तारा पिळून एकत्र जोडलेल्या होत्या. सुरक्षेसाठी दिलेला स्विच कुणीतरी कायमचा बाद केला होता. एखादं एलिमेंट वितळलं असतं, आग लागली असती, तीही रुग्णालयाच्या आवारात. उशिरापेक्षा मला याचा राग जास्त आहे.

डीजी बंद केला, ब्रेकर उघडून कुलूप लावलं, वीज नाही याची खात्री केली आणि दोन केबल बदलल्या. पान जाळीला चिकटलं. त्यानंतरची टेस्ट पहिल्या फटक्यात झाली: ५० टक्के अर्धा तास, ७५ टक्के म्हणजे ४१७ अँपिअर एक तास, शेवटी पूर्ण ४०० किलोवॅट पंधरा मिनिटं. ७५ टक्क्यांवर पहिली चाळीस मिनिटं धुराड्यातून दाट धूर येत होता, मग हळूहळू पातळ होत गेला आणि शेवटी वरची हवा नुसती थरथरताना दिसत होती. मी आणि तो हेल्पर खाली उभे राहून बघत होतो. मला फार बरं वाटलं.

धुराड्यात असं साचलेला डीजी एकदम पूर्ण भारावर नेऊ नका, हे आधी सांगायला हवं होतं. सायलेन्सरमधलं तेलकट साचलेलं पेट घेऊ शकतं. टप्प्याटप्प्याने जा आणि अग्निशामक जवळ ठेवा. ५०० केव्हीएचा डीजी पूर्ण भारावर तासाला साधारण १०० लिटर डिझेल पितो, त्या हिशेबाने टाकी भरा. लोड बँकेची गरम हवा डीजीच्या रेडिएटरकडे जाणार नाही अशी जागा निवडा. संपल्यावर भार काढून लोड बँकेचे पंखे दहा मिनिटं चालू द्या, डीजीही पाच मिनिटं रिकामा चालवा, नाहीतर टर्बोचार्जर गरमागरम थांबतो.

पूर्ण भारावर असताना ब्रेकरच्या टोकांवर थर्मल कॅमेरा जरूर फिरवा. आमचा वाय फेजचा लग, म्हणजे केबलच्या टोकाचा जोड, बाकी दोघांपेक्षा बराच तापलेला सापडला, नट ढिला होता. आणि नुसत्या रेझिस्टिव्ह बँकेने ४०० किलोवॅट दिले तरी अल्टरनेटरवर ५५६ अँपिअरच येतात, त्याची क्षमता ६९५ ची. इंजिनाची परीक्षा पूर्ण होते, अल्टरनेटरची नाही. ती हवी असेल तर मोटरसारखा रिअॅक्टिव्ह भारही देणारी बँक मागवा.

यंदा बुटीबोरीच्या एका कारखान्याची बँक मिळाली. आणायला गेले तेव्हा आधी इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला, एका पावसाळ्याचा ओलावा एलिमेंटच्या इन्सुलेशनमध्ये बसलेला असू शकतो. रीडिंग कमी आलं तर पंखे लावून हलक्या भारावर ती वाळवायची. तिघा फेजचे ओहम मोजले, चिनी मातीचे इन्सुलेटर तडकलेले नाहीत ना ते टॉर्चने बघितलं, हवेच्या स्विचची तार माझ्या हाताने सोडवून मशीन ट्रिप होते का ते पाहिलं. फेज सिक्वेन्स मीटर आता माझ्या बॅगेत असतो. त्या हेल्परने पंख्याच्या जाळीवर तांबड्या रंगाने बाण काढून दिला.

जुन्या कंपनीने पहिल्या दोन दिवसांचं भाडंही बिलात लावलंय. ती रक्कम मी मंजूर केलेली नाही. त्यांच्या कागदाच्या मागे अँपिअर, पहाटेचं तापमान आणि ट्रिपच्या वेळा लिहून प्रत परत पाठवली आहे.