उघड्या टपाच्या जुन्या गाडीचा पत्रा: आधी माप, मग कटर

बंद गाडीचं पत्राकाम आणि उघड्या टपाच्या गाडीचं पत्राकाम वरवर सारखंच वाटतं. गंज कापा, नवा पत्रा जोडा, पुट्टी, प्रायमर, रंग. फरक एकाच जागी आहे आणि घरी केलेली बहुतेक कामं तिथेच फसतात. बंद गाडीत छत, खांब आणि फ्लोअर मिळून पेटी तयार होते. छत नसलं की पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून राहतात ते फ्लोअर, मधला टनेल (फ्लोअरच्या मधोमध पुढून मागे जाणारा उंचवटा) आणि मुख्यतः दारांखालच्या दोन पोकळ तुळयांच्या जोरावर. या तुळया म्हणजे सिल. बाहेरून दिसणारी पट्टी हा सिलचा फक्त एक थर असतो. 1962 साली आलेल्या एमजीबी रोडस्टरमध्ये बाहेरचा सिल, मधला उभा पडदा, आतला सिल आणि खाली कॅसल रेल (तळाची पत्र्याची पट्टी) असे थर एकत्र जोडलेले आहेत. त्याच वर्षीच्या ट्रायम्फ स्पिटफायरला वेगळी चासी आहे, तरी तिचेही सिल भार उचलतात. ‘चासी आहे, मग सिल कापले तर काय बिघडतंय’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

सिल शाबूत आहेत का, हे रंग खरवडण्याआधी कळतं. दार बंद ठेवून त्याच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा. मग पुढच्या बाजूने जॅक लावून गाडी उचला आणि दार उघडून बंद करून पाहा. फट एखाद्या मिलिमीटरने हलली तर चालतं. दार कुलपाच्या खांबाला घासायला लागलं किंवा लागेनासंच झालं, तर सिल आतून गेले आहेत, बाहेरचा रंग कितीही चकचकीत असो. चाकांवर उभ्या गाडीत फट वर बारीक आणि खाली रुंद दिसत असेल तर बॉडी मधोमध खचलेली आहे. मध्ये टेकू देऊन उचललेल्या गाडीत उलट होतं, टोकं खाली लोंबतात आणि फट वर उघडते. या दोन खुणा डोक्यात पक्क्या असल्या की पुढे प्रत्येक टप्प्यावर बॉडी कुठे चालली आहे ते दारच सांगतं.

पुट्टी कुठे दडली आहे ते शोधायला कागदात गुंडाळलेलं साधं चुंबक पुरतं. चाकांच्या कमानी, मागच्या मडगार्डचा खालचा भाग, दारांचा तळ आणि पुढच्या मडगार्डमागे चिखल साठणारा कप्पा या जागा आधी तपासा. फ्लोअरचा गालिचा उचलाच. टप गळतो, पाणी गालिच्याखालच्या नमद्यात मुरतं आणि फ्लोअर वरून कुजतो. सिल मात्र आतून कुजतो, कारण तळाची निचऱ्याची भोकं मातीने बुजलेली असतात.

कटर हातात घेण्याआधी

गाडी सपाट जमिनीवर, चार मजबूत स्टँडवर, शक्यतो सस्पेन्शनच्या जागांखाली आधार देऊन ठेवा, म्हणजे बॉडी चालत्या गाडीसारखी बसेल. इंजिन काढलं असेल तर पुढचं वजन गेलेलं आहे हे विसरू नका. तेवढं वजन पुढे ठेवा, नाहीतर आज जुळवलेल्या फटी इंजिन बसल्यावर बदलतील. मग ओळंबा घ्या. दोन्ही बाजूंच्या सारख्या बिंदूंवरून, म्हणजे सस्पेन्शनचे बोल्ट, बंपरची भोकं, बिजागरीचे खांब यांवरून, जमिनीवर खुणा पाडा आणि कर्ण मोजा. दोन कर्णांत 3 मिमीपर्यंतचा फरक जुन्या गाडीत चालवून घेता येतो. त्याहून जास्त असेल तर जुना अपघात शोधा, सिल नंतर. दाराच्या फटी वर, मध्ये, खाली मोजून मास्किंग टेपवर लिहा आणि टेप तिथेच चिकटवून ठेवा. फोटो काढा, पण फोटोतून मिलिमीटर मोजता येत नाहीत.

खचलेली बॉडी खचलेल्या स्थितीतच बांधून टाकणं ही सगळ्यात महाग चूक. आधी फ्लोअरच्या आडव्या तुळईखाली लाकूड ठेवून जॅक हळूहळू वर घ्या, दाराची फट वर-खाली सारखी करा आणि मग बांधा. बांधायला 25 मिमीचा चौकोनी पाइप, 2 मिमी जाडीचा. प्रत्येक बाजूला बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत एक वर, एक खाली आणि एक तिरका. शिवाय डावा-उजवा खांब जोडणारे दोन आडवे. पाइप खांबाच्या आतल्या अंगाला लावा. दाराच्या चौकटीत लावला तर दार टांगता येणार नाही, आणि दार टांगल्याशिवाय तपासणार कशावर? वरच्या पाइपमध्ये आटे असलेला टर्नबकल घातला तर शेवटचा अर्धा-एक मिलिमीटर पान्याने जुळवता येतो. ही सोय पाइपवर नुसतं वेल्ड मारून कधीच मिळत नाही.

दोन्ही सिल एकदम कापू नका. एक बाजू कापा, जोडा, दार तपासा, मगच दुसरी. पाइप कितीही लावले तरी हा नियम सुटत नाही.

सिल

सिलची टोकं पुढच्या मडगार्डमागे आणि मागच्या मडगार्डखाली जातात. पुढचं मडगार्ड बऱ्याच गाड्यांत बोल्टवर असतं, ते काढा. मागच्या मडगार्डचा खालचा तुकडा कापावा लागतो. तो कापणं टाळण्यासाठी नवा सिल आखूड करून मध्येच टेकवला, तर भार जिथून पुढे जायला हवा तिथेच तुटतो. जुन्या सिलवर कव्हर सिल चढवणं तर त्याहून वाईट. गंज आत कोंडला जातो, ओल अडकते आणि वरचा नवा पत्राही आतून खायला लागतो.

जुने स्पॉट वेल्ड (कारखान्यात थर जोडणारे ठिपक्यांसारखे वेल्ड) 8 मिमीच्या स्पॉट कटरने फक्त वरचा थर भेदेपर्यंत पाडा. आरपार गेलात तर आतल्या थरात भोकं पडतील आणि नवं वेल्डिंग धरणार नाही. मधला भाग कडेपासून 20-25 मिमी आत कापून आधी मोकळा करा, राहिलेल्या कडा नंतर छिन्नीने सोलून काढा. एकदम सगळं उपटायला गेलं की चांगली कडही फाटते.

बाजारात मिळणारा नवा सिल जसाच्या तसा बसेल असं धरू नका. क्लॅम्प लावा, दार टांगा, मडगार्ड अडकवा, फटी बघा, काढा, ठोका, पुन्हा लावा. हे कंटाळवाणं आहे, पण वेल्डिंग या सगळ्यापेक्षा सोपं असतं. आतल्या अंगाला आधी इपॉक्सी प्रायमर मारा, जोडाच्या कडांना वेल्डिंगचा झिंक प्रायमर. वेल्ड भरण्यासाठी वरच्या थराला जी भोकं पाडायची, त्यांच्या आतला झिंक मात्र खरवडून काढा, तो वितळलेल्या धातूत मिसळला की फुगे येतात.

वरच्या थराला 6 मिमीची भोकं, दोनपेक्षा जास्त थर असतील तिथे 8 मिमीची, अंतर कारखान्याच्या स्पॉटइतकंच, साधारण 30-40 मिमी. वेल्ड मध्यापासून सुरू करून एकदा पुढे, एकदा मागे असे मारा. थोडे वेल्ड झाले की दार बंद करून बघा. फट सरकायला लागली तर थांबून टर्नबकल फिरवा, कारण सगळे वेल्ड थंड झाल्यावर काही फिरत नाही.

बाहेरचा पत्रा

जुन्या गाडीचा बाहेरचा पत्रा बहुधा 0.9 मिमीच्या आसपास असतो. त्याला मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन), 0.6 मिमी तार आणि आर्गॉन-सीओटू वायूंचं मिश्रण. गॅसशिवायची फ्लक्स तार बॉडीला नकोच. ती पत्र्याला जास्त तापवते आणि थेंब उडवते. तुकड्याचे कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यात ताण साठतो. कड कडेला भिडवून तारेच्या जाडीइतकी फट ठेवा. 25-30 मिमीवर टाके मारा, मग दोन टाक्यांच्या मध्ये एक, मग त्यांच्या मध्ये एक. पुढचा टाका नेहमी लांबच्या टोकाला. सलग बीड, म्हणजे वेल्डची अखंड रेघ, ओढलात तर मडगार्डला लाट येते, कारण वेल्ड थंड होताना आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेतो. ही ओढ पुट्टीने झाकायची नसते. मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून वेल्डवरच हातोडीने हलके ठोके द्या. वेल्ड दबून पसरतो आणि पत्रा परत जागेवर येतो. त्यानंतर फ्लॅप डिस्कने वेल्ड पत्र्याच्या पातळीला आणा. पत्रा निळा झाला की थांबा.

दाराची नवी कातडी, म्हणजे बाहेरचा पत्रा, बसवताना एक गोष्ट बंद गाडीपेक्षा जास्त जपावी लागते. दुमडलेली कड पक्की होईपर्यंत दार पिळता येतं, पक्की झाल्यावर नाही. म्हणून कड तीन फेऱ्यांत दुमडा. काटकोनातून निम्म्यावर, मग आणखी, मग सपाट, आणि बाहेरून डॉलीला कापड किंवा चामडं लावा म्हणजे दर्शनी बाजूला खड्डे पडणार नाहीत. कड अर्धवट असतानाच दार टांगून मागच्या मडगार्डच्या रेषेशी जुळवा. खालचं टोक बाहेर येत असेल तर त्याच वेळी पिळून घ्या.

फटी जुळवण्याचा क्रम मागून पुढे. मागचं मडगार्ड हलत नाही, म्हणून दार त्याच्याशी, पुढचं मडगार्ड दाराशी, बॉनेट मडगार्डांशी. आणि पुट्टीला हात लावायच्या आधी पुढच्या काचेची चौकट आणि टपाचा सांगाडा बसवून बघा. टपाची पुढची पट्टी चौकटीवर क्लॅम्पने आवळली जाते. चौकट थोडी मागे-पुढे कललेली असेल तर दाराच्या काचेची वरची कड रबराला लागत नाही आणि पावसात तिथूनच धार लागते. रंग झाल्यावर हे कळलं तर चौकटीखालचा नवा रंग खरवडावा लागतो.

जुन्या गाड्यांत मडगार्डच्या जोडांवर शिसं भरलेलं असतं. त्यावर ग्राइंडर फिरवू नका, शिशाची धूळ फुप्फुसात जाते. मंद ज्योतीने मऊ करून पुसून काढा. जुन्या रंगातही शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासताना मास्क हवाच. सँडब्लास्टिंग चासी आणि जाड भागांसाठी उत्तम आहे, पण बॉनेट आणि दार असे मोठे सपाट पत्रे त्याने वाकतात.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार सोडा, पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर काढा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर आर्क मारला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. पुसायला दुसरं काहीतरी वापरा. काचा झाका. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि काही दिवसांनी तिथे तपकिरी ठिपके दिसतात, ते निघत नाहीत. काम थांबवल्यावर निदान अर्धा तास गाडीजवळ राहा, फ्लोअरच्या नमद्यात ठिणगी धुमसत असते.

पुट्टी आणि रंग

पुट्टी 2-3 मिमीपेक्षा जाड लागत असेल तर पत्रा अजून ठोकायचा राहिला आहे. 80 नंबरच्या पेपरने घासलेल्या उघड्या पत्र्यावर किंवा इपॉक्सी प्रायमरवर लावा. आम्लयुक्त एच (etch) प्रायमरवर कधीच नाही, तिथे ती नीट धरत नाही. हार्डनर वजनाच्या 2 टक्क्यांच्या आसपास. जास्त झाला तर रंगातून डाग वर येतो, कमी झाला तर पुट्टी चिकट राहते. रंग एकजीव होईपर्यंत दाबून मिसळा, फेटू नका, फेटलं की हवेची भोकं. उघडी पुट्टी पाण्याने घासायची नाही, ती पाणी पिते आणि पुढे रंगाला फोड येतात. लांब फळीवर 80, मग 120, मग 180 आणि दर वेळी काळ्या पावडरचा गाइड कोट, म्हणजे उंच-सखल जागा दाखवणारा पातळ थर. हाताच्या बोटांनी दाबून घासलेला पृष्ठभाग ऊन पडलं की बोटांच्या लाटा दाखवतो.

इपॉक्सीचे दोन हात, जोडांवर सीलंट, मग टूके (2K, हार्डनर मिसळून वापरायचा) हाय-बिल्ड प्रायमर, 400 ते 600 वॉटर पेपरने घासून रंग. टूके रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कार्बन फिल्टरचा साधा मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून हवा येणारा मास्क लागतो. तो नसेल तर शेवटचा रंग बाहेरच्या वर्कशॉपमधून करून घ्या, त्यात कमीपणा नाही. पत्राकाम घरचं असलं की निम्म्याहून जास्त गाडी तुमच्या हातची झालेलीच आहे.

पोकळ भागांत गंज रोखायला फवारायचं वॅक्स सगळ्यात शेवटी. वेल्डच्या मागचा प्रायमर जळलेला असतो, तिथे वॅक्सशिवाय दुसरं काही पोचत नाही. 360 अंशांत फवारणारी लांब नळी सिलच्या आत शेवटपर्यंत घाला आणि फवारत हळूहळू बाहेर ओढा. टोकापासून टोकापर्यंत जात नसेल तर दोन्हीकडून. दारांचा तळ आणि टपाच्या सांगाड्यामागचे कप्पे विसरले जातात, तिथेही. दुसऱ्या दिवशी निचऱ्याची सगळी भोकं तारेने मोकळी करा, कारण घट्ट झालेलं वॅक्स तीच बुजवतं.