आबांची दिंडी

आबा घरी आहेत की नाहीत, हे आमच्या वाडीत कुणाला विचारावं लागत नसे. माण तालुक्यातला उघडा माळ, त्यावर विखुरलेली घरं. ओट्यावरून त्यांची हाक गेली की ओढ्यापलीकडचा गडी हातातलं काम टाकून उभा राहायचा. सहा फूट उंची, तालमीत चेपलेले कान, डोक्याला पांढरा पटका. एका चुलीवर जेवणारं वीस-बावीस माणसांचं घर त्यांच्या शब्दावर चालायचं. १९७२च्या दुष्काळात वाडीतली माणसं खडी फोडायला गेली, तेव्हा ऐन तिशीतल्या आबांनी घरचं ज्वारीचं पेव सगळ्यांसाठी उघडलं. थोरल्या भावाला विचारलंसुद्धा नाही, असं आजी सांगायची, आणि इतक्या वर्षांनीही सांगताना तिचा आवाज चढायचा. भावकीचा विरोध असताना त्यांनी आत्याला डी.एड.ला पाठवलं. ती पुढं मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. पंधरा वर्षं ते गावचे सरपंच होते. घरातली आम्ही सगळी त्यांच्या पाया पडायचो. आबा वाकलेले मात्र कुणी पाहिले नव्हते.

दरवर्षी जेठ महिना सरत आला की आबा पिशवी भरून आळंदीला निघायचे. आमच्या गावची स्वतःची दिंडी आहे, पण आबा तिच्यात कधी चालले नाहीत. ते चालायचे परभणीकडच्या एका दिंडीत, जिथं त्यांना ओळखणारं एक माणूस नव्हतं. गावची सोडून तिकडं का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारायची छाती कुणाची होती?

ते गेले आणि मी त्या दिंडीच्या विणेकरी बुवांना फोन लावला. "आबाची नात? ये की माय. जेवणाच्या भिशीचं मागून बघू," ते म्हणाले.

आबांची जागा रिकामी असेल, असं मनात धरून गेले होते. तशी ती नव्हती. टाळकऱ्यांच्या ज्या रांगेत ते चालायचे, तिथं मिसरूड फुटलेला एक पोरगा पावली टाकत होता, आणि छान टाकत होता. मी विण्याच्या मागं, तुळशीवाल्या बायांमध्ये चालू लागले.

पुणे ते सासवड ही वाटेतली सगळ्यांत लांब मजल. त्यात एकादशी, म्हणजे पोटात भगर नाहीतर शेंगदाणे-गूळ, आणि पुढं दिवेघाट. माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात तो हाच चढ. घाटात सगळ्यांचे टाळ जास्त जोरात वाजतात. पाय थकले की आवाज वाढवायचा, ही वारकऱ्यांची रीत मला फार आवडली. घाटमाथ्यावर टेकलो तेव्हा बुवांनी बोट दाखवलं. "इथंच तुझा आजा रांग सोडून पुढं गेला होता. पहिलंच वर्ष त्याचं. शिस्त बघणारं आमचं पोरगं वीस-बावीस वर्षांचं. त्यानं चारचौघांत झापलं." मी श्वास रोखून विचारलं, "मग?" आबांना कुणी झापलं, तर पुढं काय होतं हे मी घरी ऐकून होते. बुवा म्हणाले, "मग काय? खाली वाकला, पोराच्या पायाला हात लावला. म्हणला, माउली, चुकलं माझं."

चुकलं. हा शब्द आबांच्या तोंडून आजीनंही कधी ऐकला नव्हता. मी तिथंच बसून रडले. बायांनी पाणी दिलं, कुणी काही विचारलं नाही. वारीत रडणाऱ्याला कुणी का म्हणून विचारत नाही.

सासवड, जेजुरी, वाल्हे मागं पडलं. नीरेत पादुकांना स्नान घातलं आणि पालखी सातारा जिल्ह्यात आली. लोणंदला वडील आणि काका भाकरी-पिठलं घेऊन भेटायला आले. पावसानं राहुट्यांत चिखल झालेला. दिंडीतल्या एकानं त्यांना सांगितलं, की असाच पाऊस होता, तंबूचा मधला खांब कलला, तेव्हा आबा तो खांद्याला लावून झुंजुरकापर्यंत उभे राहिले, आणि झोपलेल्या बायापोरांना उठवू दिलं नाही. हे आम्हाला नवीन नव्हतं. हे आमचेच आबा. वडील मान डोलवत होते. पण नंतर तोच माणूस म्हणाला, "रोज रातच्याला घमेली घासायला तेच बसायचे." तेव्हा वडील आणि काका एकमेकांकडे बघत राहिले.

रिंगणाबद्दल मी लिहीत नाही, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मला लिहायचंय ते समाजआरतीबद्दल. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एका वेळी वाजत असतात. चोपदार दंड वर करतो आणि क्षणात सगळं थांबतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तेवढीच टाळ वाजवत राहते. तिचं आधी ऐकून घेतात. हरवलं-सापडलं सांगतात. मग आरती. पहिल्यांदा हे पाहिलं आणि मला आमचा ओटा दिसला. बांधाचं, वाटणीचं भांडण आलं की आबा हातातली काठी वर धरायचे, सगळे गप्प व्हायचे, आणि जो सगळ्यांत कळवळून आलाय त्याला आधी बोलू द्यायचे. आम्हाला वाटायचं हा सरपंचकीचा दरारा. ते तळावरून उचललेलं होतं.

२०२० साली कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या वर्षी आबा पहाटे घरातून निघून विठोबाच्या देवळापर्यंत आणि परत, दिवस कलेपर्यंत फेऱ्या घालायचे. घरात सगळ्यांना त्यांची दया यायची. ते मात्र संध्याकाळी परातीत पाय बुडवून, आज आपण फलटणला आलो, आज माळशिरस गाठलं, असं नातवंडांना सांगत बसायचे. आपल्या माणसाला असं काही मनापासून धरून ठेवता आलं, याचा मला आता फार आनंद वाटतो.

वाखरीच्या मुक्कामावर स्वयंपाक बघणाऱ्या मावशींशेजारी भाकऱ्या थापायला बसले. सत्तरी ओलांडलेली बाई, आबांबरोबर पुष्कळ वर्षं चाललेली. पीठ मळता मळता तिनं सहज विचारलं, "तुझा आजा कुणाकडं सालानं होता गं बाई?"

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, "सालगडी नव्हते मावशी. चाळीस एकर जमीन आमची. पंधरा वर्षं सरपंच होते ते."

मावशीचा हात परातीतच थांबला. तिनं पलीकडच्या बुवांकडं पाहिलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत आबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. गावच्या दिंडीत चालले असते, तर पहिल्या मुक्कामाला सरपंच म्हणून सतरंजी पुढं आली असती.

"अगं माय," मावशी म्हणाली, "म्या त्येला रोज सरपण फोडायला लावलं की गं!"

आणि जरा वेळानं, भाकरी तव्यावर टाकत, "पण फोडायचा बारीक, हां."