तुम्ही विचारलंत म्हणून: ही दोन सीटांची जुनी माझदा का?

घरी कोणी आलं की चहा होईपर्यंत हा प्रश्न येतोच. दारातली बुटकी निळी गाडी बघून झालेली असते. मग कोणीतरी विचारतं, "इतकी वर्षं इंग्लंडमध्ये नोकरी करताय, सगळं छान चाललंय, मग ही वीस वर्षांपूर्वीची दोन सीटांची गाडी कशाला? एखादी चांगली जर्मन गाडी का नाही घेत?" पुण्याहून आलेली मंडळी असली तर आणखी एक शंका असते: "माझदा म्हणजे आपली ती स्वराज माझदाच ना? शाळेच्या बसवाली?"

बसचं आधी सांगते. हो, तीच माझदा. ऐंशीच्या दशकात पंजाबातल्या स्वराजनं माझदाशी भागीदारी करून हलके ट्रक आणि बसगाड्या बनवायला घेतल्या. महाराष्ट्रात कितीतरी मुलं त्या बसमध्ये दप्तरं मांडीवर घेऊन शाळेत गेली. माझदाच्या मोटारी मात्र भारतात कधी विकायला आल्याच नाहीत, त्यामुळे आपल्याकडे या नावाची ओळख बसपुरतीच राहिली.

मोठ्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात असं: गाडी चालवण्यातली गंमत पगारदार माणसालाही परवडली पाहिजे, असं ठरवून ही गाडी बनवलेली आहे. ती स्वस्त पडते, पण म्हणून तिच्या आखणीत कुठे हात आखडता घेतलाय असं नाही. परवडणं हा तिच्या आखणीचाच भाग आहे. हे मला फार मोलाचं वाटतं. ते कसं घडलं हे कळायला हिरोशिमाला जावं लागतं.

१९२० साली हिरोशिमात बुचाचं सामान बनवणारी एक कंपनी निघाली. पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा यांनी तिची सूत्रं हाती घेतली. हे कोळ्याच्या घरात जन्मलेले, लहानपणी लोहाराकडे काम शिकलेले गृहस्थ. बुचावरून ते यंत्रसामग्रीकडे वळले आणि १९३१ मध्ये त्यांनी माल वाहणारी तीनचाकी गाडी काढली. पारशांच्या अहुर माझदावरून आणि स्वतःच्या आडनावावरून तिला माझदा नाव दिलं. ६ ऑगस्ट १९४५ ला, बॉम्ब पडला त्या दिवशी, मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. कारखाना शहराच्या पूर्वेला, हिजियामा टेकडीच्या पलीकडे असल्यामुळे वाचला. शहर बेचिराख झालं होतं. पुढे काही महिने प्रांताच्या सरकारचा कारभार याच कारखान्याच्या इमारतीतून चालला. डिसेंबरमध्ये तीनचाकी गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. उद्ध्वस्त गावात सामान हलवायला दुसरं होतं तरी काय?

साठच्या दशकात वेगळंच संकट आलं. छोट्या मोटारकंपन्यांनी मोठ्यांत विलीन व्हावं असं जपान सरकारच्या मनात होतं. आपलं वेगळेपण दाखवलं नाही तर आपण संपलो, हे माझदाला कळून चुकलं. म्हणून १९६१ मध्ये त्यांनी जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून रोटरी इंजिनचा परवाना घेतला. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. यात एक त्रिकोणी रोटर गोल फिरतो. भाग कमी, आकार लहान, धडधड जवळजवळ नाही. पण एनएसयूचं इंजिन तयार नव्हतंच. रोटरच्या टोकांवर फट बंद ठेवणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांना सील म्हणतात. ही सीलं आतल्या भिंतीवर ओरखडे पाडत, आणि इंजिनियर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनइची यामामोतो यांच्या हाताखालच्या ४७ जणांनी वर्षानुवर्षं त्याचा पिच्छा पुरवला, आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी रस्त्यावर आली. मग १९७३ चं तेलसंकट आलं. जास्त पेट्रोल पिणाऱ्या या गाड्या पडून राहिल्या, सुमितोमो बँकेनं कंपनी सावरून धरली, आणि कारखान्यातले हजारो कामगार गाड्या विकायला बाहेर पाठवले गेले. एवढं होऊनही त्यांनी रोटरी सोडलं नाही. १९७८ ची आरएक्स-७ ही स्पोर्ट्स कार त्यातूनच आली: हलकी, देखणी, आणि पोर्शच्या ९२४ पेक्षा कितीतरी कमी पैशांत मिळणारी.

१९९१ ला फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत माझदाच्या ७८७बी या रोटरी गाडीनं जिंकली. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय. व्होल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बर्त्राँ गाशो हे तिघे चालक होते. हर्बर्ट शेवटी इतके थकले होते की त्यांना सत्काराच्या मंचावर उभंही राहता आलं नाही. ही गाडी जिंकली म्हणून रोटरीवर बंदी घातली गेली, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही, नियम बदलायचं आधीच ठरलं होतं. मला कौतुक वाटतं ते वेगळ्या गोष्टीचं. त्या गाडीला नियमांनी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी वजनाची सवलत मिळाली होती, आणि कमी वजन म्हणजे काय हे या कंपनीला पक्कं ठाऊक होतं.

रोटरी गाडी घेऊ का, असंही काहीजण विचारतात. इथे जुनी आरएक्स-८, आरएक्स-७ नंतरची रोटरी गाडी, फार स्वस्तात मिळते म्हणून. गाडी अप्रतिम आहे. मागची दारं उलटी उघडतात, चार माणसं नीट बसतात, आणि जास्त ताकदीच्या इंजिनात फेऱ्यांचा काटा मिनिटाला ९,००० पर्यंत कसा जातो ते कळतसुद्धा नाही. पण स्वस्त मिळण्याला कारण आहे. रोटरी इंजिन सील ओली राखायला थोडं तेल मुद्दामच जाळतं, त्यामुळे पेट्रोल भरताना तेलाची पट्टी बघायची सवय हवी. थंड इंजिन सुरू करून गाडी दारातून हातभर पुढे घेतली आणि बंद केली, तर आत पेट्रोल साचून ती पुन्हा सुरूच होत नाही. घेण्याआधी इंजिन गरम असताना कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब किती टिकतो ते, तपासून घ्यायचं, तेही रोटरीच्या खास यंत्रावर. ज्यांना एवढं प्रेमानं करायचंय त्यांनी जरूर घ्यावी. रोज कामावर जायला नको.

आता माझ्या गाडीकडे येते. तिचं नाव एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात.

मी राहते तिथून ॲबिंग्डन गाव जवळ आहे. एमजी या जुन्या इंग्लिश कंपनीच्या गाड्या तिथे बनत. छप्पर उघडणाऱ्या, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, दोन माणसं, बेताची किंमत. शिक्षक, कारकून, नुकते नोकरीला लागलेले तरुण त्या घेत. १९८० मध्ये तो कारखाना बंद झाला आणि ट्रायम्फ या दुसऱ्या इंग्लिश कंपनीची तसलीच स्पिटफायर गाडीही त्याच वर्षी संपली. तेल गळणं, पावसात वायरिंग दगा देणं याला लोक कंटाळले होते, शिवाय अमेरिकेचे सुरक्षेचे आणि धुराचे नियम कडक झाले होते. अशी गाडी आता कोणी बनवणार नाही, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं.

बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटारपत्रकारानं १९७९ मध्ये माझदाच्या यामामोतोंना सांगितलं की जुन्या इंग्लिश धाटणीची साधी, स्वस्त उघडी गाडी तुम्ही काढा. हे तेच रोटरीवाले यामामोतो. त्यांनी पुढे स्वतः स्पिटफायर चालवून पाहिली. हॉल नंतर माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या कचेरीत नोकरीलाच लागले. कंपनीत चुरस झाली: जपानमधल्या गटाचा एक आराखडा पुढच्या चाकांना ताकद देणारा होता, दुसऱ्यात इंजिन मध्यभागी होतं, आणि कॅलिफोर्नियाचा गट जुन्या इंग्लिश मांडणीवर ठाम राहिला. तोच जिंकला. पहिली चालती प्रतिकृती इथेच, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वर्दिंगमध्ये बनवून घेतली. मला ही गोष्ट सांगताना दरवेळी आनंद होतो.

प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई. वजनाच्या बाबतीत त्यांनी कोणाला हलू दिलं नाही. बॉनेट ॲल्युमिनियमचं, बॅटरी छोटी आणि डिकीत, दोघं बसल्यावर पुढे-मागे वजन जवळजवळ निम्मं-निम्मं. गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल जोडणारी एक लांब ॲल्युमिनियमची चौकट आहे. तिच्यामुळे ॲक्सिलरेटरवर पाय टेकला की मधे काही न डगमगता मागच्या चाकांना कळतं. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी दाखवली गेली आणि अमेरिकेत १३,८०० डॉलरपासून मिळू लागली. मागणी इतकी होती की लोक छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मोजत होते. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बनली. चौथी पिढी २०१५ ला आली. ती लांबीला पहिल्या पिढीपेक्षाही थोडी कमीच भरते. दर पिढीला गाड्या फुगत जाण्याच्या काळात हे करून दाखवणं सोपं नाही.

माझी दुसऱ्या पिढीतली, २००३ ची, १.८ लिटर इंजिनची. इथल्या पांढऱ्या घोड्याच्या टेकडीखालून (उतारावर खडूत कोरलेला घोडा आहे म्हणून हे नाव) वाँटेजहून ॲशबरीकडे एक रस्ता जातो. डोंगराचा पायथा धरून तो सतत वळत राहतो, एका हाताला कुंपणं, दुसऱ्या हाताला शेतं. सुटीच्या दिवशी सकाळी लवकर मी तिथे जाते. पुढच्या काचेवरच्या दोन कड्या सोडायच्या आणि बसल्या जागेवरून एका हातानं छप्पर मागे टाकायचं. गिअरची दांडी इतकी आखूड आहे की मनगट हललं की गिअर पडतो. वळणाआधी तिसरा टाकला, स्टीअरिंग जरा वळवलं, की पुढच्या चाकाखालची खडी हाताला कळते. आणि हे सगळं ताशी साठ मैलांच्या कायदेशीर मर्यादेत. मोठ्या ताकदीची गाडी साठला अजून जागीसुद्धा झालेली नसते. तिची मजा घ्यायची तर कायदा मोडावा लागतो, कोणाचा तरी जीव धोक्यात घालावा लागतो. मला ते पटत नाही. जर्मन गाडीबद्दलचं माझं उत्तर एवढंच आहे.

आता सांभाळण्याचं. इंजिन चिवट आहे. वेळेवर तेल बदला, साठ हजार मैलांना टायमिंग बेल्ट बदला, ते चालत राहतं. क्लचचा खालचा सिलिंडर कधीतरी गळतो, पण तो स्वस्त आहे आणि घरी बदलता येतो. या गाडीचा खरा शत्रू गंज. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खालून पत्रा खातं, आणि वरून पावसाचं पाणी. छपरावरून ओघळलेलं पाणी सीटमागे एका पन्हळीत येतं, कोपऱ्यातल्या भोकातून नळीत उतरतं आणि मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडतं. भोकात पानं अडकली की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचतं. बाहेरून रंग चकाचक असतो आणि आत पत्र्याचा चुरा होत जातो. म्हणून पानगळ संपली की मी सीटमागचा गालिचा उचलते, लवचिक प्लॅस्टिकची बारीक काडी भोकात हळूहळू फिरवते, काळा चिखल निघेपर्यंत. मग मगभर पाणी ओतते आणि खाली वाकून बघते. धार बाहेर पडली की काम झालं. लोखंडी तार मात्र घालू नका, नळी फाटते.

हे सगळं मला शेजारच्या निवृत्त शिक्षिकेनं शिकवलं. तिच्याकडे पहिल्या पिढीतली, बॉनेटमधून दिवे वर येणारी गाडी आहे. तिची मागची काच प्लॅस्टिकची. छप्पर खाली घेण्याआधी काचेची चेन उघडायची, आणि थंडीत तर छपराला हात लावायचाच नाही, नाहीतर काचेला तडा जातो. तिच्या गाडीत सर्व्हिसच्या नोंदींची जाड वही आहे, आधीच्या मालकांच्या अक्षरातली. ब्रेकपॅड कधी बदलले, कुठला बोल्ट गंजला होता, सगळं त्यात आहे. या गाडीचे मालक असेच असतात. रस्त्यात समोरून दुसरी एमएक्स-५ आली तर हात वर होतोच, आणि पार्किंगमध्ये अनोळखी माणूस तुमच्या दाराखालचा पत्रा बघायला वाकला तरी रागवायचं नसतं.

घरात एकच गाडी असेल, मुलं लहान असतील, आईवडिलांना दवाखान्यात न्यावं लागत असेल, तर ही घेऊ नका. माझे सासू-सासरे आले तेव्हा दोघांना तिच्यात बसताना आणि उठताना त्रास झाला, आणि डिकीत एका मध्यम बॅगेपलीकडे काही मावत नाही. पण दुसरी गाडी म्हणून परवडत असेल तर बिनधास्त बघा. दुसऱ्या पिढीतली बघणार असाल तर दाराखालच्या पत्र्याइतकीच पुढची चेसिसही, म्हणजे गाडीचा सांगाडा, खालून तपासा, तिथेही आतून गंज धरतो. वर्कशॉपमध्ये उचलून दाखवायला मालक नाही म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. उन्हाळ्यात छप्पर उघडणाऱ्या गाड्यांचे भाव चढतात, म्हणून नोव्हेंबरात शोधायला लागा. बघायला जाल तेव्हा मला सांगा, टॉर्च घेऊन मी येते.