रेनिंगचा पहिला पॅटर्न: ७० राखायचे कसे

रेनिंग म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचाली (पॅटर्न) घोड्यावरून करून दाखवायची घोडेस्वारीची स्पर्धा. त्यात सुरुवातीलाच खात्यावर ७० गुण असतात. प्रत्येक हालचालीला पंच उणे दीड ते अधिक दीड यांच्या दरम्यान, अर्ध्या गुणाच्या पायऱ्यांनी गुण देतात. दंड वेगळा वजा होतो. पहिल्यांदा उतरणाऱ्याने कमाईच्या मागे लागूच नये, असं माझं ठाम मत आहे. दंड न घेता ७० वर बाहेर आलात, तर तो उत्तम रन (पॅटर्नची एक पूर्ण फेरी).

मी एनआरएचए या रेनिंगच्या संघटनेचा पॅटर्न ६ केला. मध्यभागी, डाव्या भिंतीकडे तोंड करून सुरुवात: आधी उजवीकडे चार स्पिन (मागचा पाय रोवून जागच्या जागी पूर्ण गिरक्या), मग डावीकडे चार. मोजणी इथे हमखास चुकते. मी समोरच्या भिंतीवर एक खूण धरली; ती समोर आली की ‘एक’. चौथ्या फेरीत पाव वळण उरलं असतानाच ‘व्हो’ (थांबायची हाक) म्हटलं, कारण घोड्याला थांबायलाही जागा लागते. आठव्या हिश्शापर्यंत चुकलं तर अर्धा गुण जातो, पाव वळणापर्यंत एक. त्याहून जास्त फिरला तर अख्खा रन शून्य! लगामाचा हात मागे ओढू नका. घोडा मागे सरकत फिरतो आणि आतला मागचा पाय रोवून राहत नाही.

पुढे डावीकडे दोन मोठी, वेगवान वर्तुळं आणि एक लहान, संथ. मध्यावर लीड (दौडताना पुढे पडणारी आतली बाजू) बदलून तेच उजवीकडे. बदलाआधी घोडा दोन ढांगा सरळ ठेवला आणि स्वतः वळणाकडे कलले नाही. स्वार कलला की घोडा पुढून बदलतो, मागून नाही. एक ढांग उशीर झाला तर अर्धा गुण. चुकीच्या लीडवर वर्तुळाच्या प्रत्येक चतुर्थांशाला एक.

नंतर दोन रोलबॅक (थांबून लगेच उलट फिरून परत दौडणं) आणि शेवटी स्लायडिंग स्टॉप, म्हणजे मागच्या पायांवर घसरत थांबणं. लांब घसरण ही थांबताना नव्हे, धावताना घडते. घोडा सरळ हवा आणि वेग एकसारखा वाढत जायला हवा. अचानक टाच मारली की तो पुढच्या पायांवर येतो. मैदानाच्या मध्याची खूण ओलांडल्यावरच, पण भिंतीपासून किमान २० फूट आत, आधी ‘व्हो’, मग बसक खोल, पाय सैल आणि शेवटी लगाम हलकासा वर. क्रम उलटला, म्हणजे आधी लगाम खेचला, तर डोकं वर जातं, पाठ पोकळ होते आणि मागचे पाय जमिनीतून उसळतात. पुढे फेकलं जाण्याच्या भीतीने लगाम नसलेल्या मोकळ्या हाताने खोगीर धरलं तर थेट ५ गुण वजा. त्यापेक्षा घसरण आखूड झालेली परवडते.

घोड्याच्या मागच्या पायांच्या नाला साध्या नसतात. त्या घसरणीच्या नाला, म्हणजे स्लायडर, साधारण एक ते सव्वा इंच रुंद, गुळगुळीत असतात. खिळ्यांची डोकी नालेत बुडालेली हवीत. हे काम सरावलेल्या नालबंदाकडूनच करून घ्या. मागच्या पायांना स्किड बूट (घोट्यामागचं संरक्षक आवरण) घाला, नाहीतर घोट्याची मागची बाजू सोलवटते. आणि मैदान बघा: घट्ट तळावर दोन-तीन इंच मोकळी माती नसेल, तर मी घसरण मागतच नाही.

थांबल्यावर किमान १० फूट सरळ मागे, मग क्षणभर स्थिर. बाहेर पडताना लगाम उतरवून बिट (घोड्याच्या तोंडातला लगामाचा भाग) तपासून घ्यावं लागतं. हनुवटीखालची साखळी किमान अर्धा इंच रुंद आणि सपाट बसणारी हवी. ती घरीच मोजून घ्या, कारण साधन नियमाबाहेरचं निघालं तर गुणच मिळत नाहीत.