शेवटी कोळशाचाच घेतला!

आजचा अख्खा शनिवार बार्बेक्यू ग्रिल निवडण्यात गेला. न्यू जर्सीतल्या या घराला मागे अंगण मिळालं, तेव्हापासून मनात होतं.

ह्यांना गॅसचा हवा होता. वीस पौंडांचा प्रोपेनचा सिलिंडर जोडा, बटण दाबा, दहा-पंधरा मिनिटांत ग्रिल तापलेला. कामावरून दमून आल्यावर तेच सोयीचं, हे मलाही पटतं. पण मी जळगावची. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत खाऊन वाढलेय. तो धुराचा वास गॅसवर कुठून येणार?

दुकानात एकेक झाकण उचलून पाहिलं. पातळ पत्र्याचे बाजूला ठेवले, ते उष्णता धरत नाहीत. मन बसलं ते २२ इंची गोल केटलवर, म्हणजे गोल झाकणाच्या कोळशाच्या ग्रिलवर. १९५२ मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी चक्क पाण्यावर तरंगणारा धातूचा बोया कापून असा पहिला ग्रिल बनवला होता. खाली-वर हवेची भोकं. ती उघडझाप करून आच कमी-जास्त करायची. निखारे एका बाजूला सारले की दुसऱ्या बाजूला चिकन न करपता सावकाश शिजतं.

व्हिडिओ कॉलवर आईने पहिलाच प्रश्न विचारला, "राख कुठे पडते गं?" खालचं राखेचं भांडं दाखवलं, तेव्हा तिचं समाधान झालं.

उद्या पहिला मान वांग्यांचा. मग मक्याची कणसं, लिंबू-मीठ लावून. जवळपास असाल तर संध्याकाळी नक्की या.