रायन लीफ: आधी खेळ गेला, मग गोळी आली

अमेरिकन फुटबॉलमध्ये रायन लीफचं नाव निघालं की बहुतेक जण एका दमात गोष्ट उरकतात. पोरगा गुणी होता, पैसा आला, गोळ्यांच्या नादी लागला, खेळ बुडाला, तुरुंगात गेला. यातलं काहीच खोटं नाही, पण क्रम चुकलाय. लीफने 2002 मध्ये, वयाच्या 26व्या वर्षी खेळ सोडला. शस्त्रक्रियांनंतर डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक गोळ्या त्याने त्याआधी घेतल्या होत्या. त्यांचं व्यसन मात्र खेळ सुटल्यानंतर लागलं, हे त्याने स्वतः पुन्हा पुन्हा सांगितलंय. क्रम नीट लावला की या गोष्टीत बघण्यासारखं बरंच काही सापडतं, आणि ते मैदानापेक्षा औषधाच्या दुकानात जास्त आहे.

तरी मैदानापासूनच सुरुवात करू.

लीफ माँटाना राज्यातल्या ग्रेट फॉल्सचा. जागा क्वार्टरबॅकची, म्हणजे पास फेकून संघाचा हल्ला चालवणाऱ्याची. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाकडून 1997च्या हंगामात त्याने 3,968 यार्डांचे पास आणि 34 टचडाऊन (थेट गुण मिळवून देणारे पास) फेकले आणि संघाला 67 वर्षांनी रोझ बोल या कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या सामन्यात नेलं. 1 जानेवारी 1998ला मिशिगनविरुद्ध 21-16 असे मागे असताना, घड्याळ थांबवायला त्याने चेंडू जमिनीवर आपटला. पंचांनी वेळ संपल्याचा निर्णय दिला. तिथले चाहते त्या शेवटच्या 2 सेकंदांवर अजून वाद घालतात. कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाच्या मतदानात तो तिसरा आला. पुढे महान क्वार्टरबॅक ठरलेला पेटन मॅनिंग दुसरा होता.

या दोघांपैकी आधी कोणाला निवडायचं, यावर ड्राफ्टआधी, म्हणजे व्यावसायिक संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याआधी, खरोखर मतं विभागली होती. मागाहून हे वेडेपणाचं वाटतं, पण लीफचा हात जास्त दणकट होता आणि चेंडूही लांब जायचा. इंडियानापोलिसने मॅनिंगला घेतलं. दुसऱ्या क्रमांकावर यायला सॅन डिएगो चार्जर्सने ॲरिझोनाला आपला तिसरा क्रमांक, पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड, दुसऱ्या फेरीतली एक निवड आणि वर दोन खेळाडू दिले. लीफशी 4 वर्षांचा, 3 कोटी 12 लाख 50 हजार डॉलर्सचा करार झाला. त्यातले 1 कोटी 12 लाख 50 हजार नुसत्या सहीचे. ड्राफ्टआधीच्या तपासणीला तो 261 पौंड वजन घेऊन हजर झाला होता. इशारा म्हणावा तर एवढा होता, पण दणकट हात दिसला की निवड करणाऱ्यांना काट्यावरचा आकडा दिसत नाही.

मग बिघडलं काय? विद्यापीठातली त्याची रचना मैदानभर पसरलेली असायची. पास घेणारे जास्त, त्यांच्यामधलं अंतर जास्त, मोकळी जागा उघड दिसणारी. तिथे चेंडू थोडा उशिरा सोडला तरी हाताच्या ताकदीवर निभावतं. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ती मोकळी जागा क्षणभरच उघडते आणि बचाव करणारे स्नॅपनंतर, म्हणजे चेंडू खेळात आल्यावर, आपली मांडणी बदलतात. क्वार्टरबॅकने पहिला खेळाडू बघायचा, तो बंद असेल तर दुसरा, मग तिसरा, आणि हे सगळं साधारण अडीच ते तीन सेकंदांत. खेळाडू मोकळा झाल्यावर चेंडू सोडला तर उशीर झालेला असतो. तो मोकळा होण्याआधीच चेंडू सुटायला लागतो. जो ताकदीवर विसंबून वाढलाय त्याला हे आतून पटायला वेळ लागतो, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या निवडीला कोणी वेळ देत नाही.

पहिले दोन सामने चार्जर्स जिंकले. तिसरा 20 सप्टेंबर 1998ला, कॅन्सस सिटीत, मुसळधार पावसात. 15 पैकी 1 पास पोचला, एकूण 4 यार्ड. दोन इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास, शिवाय चार वेळा चेंडू हातून निसटला. दुसऱ्या दिवशी लॉकर रूममध्ये तो एका पत्रकारावर ओरडला आणि ते कॅमेऱ्यात आलं. ती चित्रफीत पुढे वर्षानुवर्षं दाखवली गेली.

त्या हंगामाचा हिशेब बघण्यासारखा आहे. 245 पैकी 111 पास पूर्ण, 1,289 यार्ड, 2 टचडाऊन, 15 इंटरसेप्शन. पास फेकण्याचा दर्जा मोजणारं पासर रेटिंग 39.0. या सूत्रात चार घटक असतात: पूर्ण पास, यार्ड, टचडाऊन आणि इंटरसेप्शन. समजा क्वार्टरबॅकने प्रत्येक पास सरळ जमिनीवर मारला. पहिले तिन्ही घटक शून्य होतील, पण इंटरसेप्शन एकही नसल्यामुळे चौथ्याचे पूर्ण 2.375 गुण मिळतील. त्याला 6ने भागून 100ने गुणलं की 39.6 येतात. म्हणजे लीफने हंगामभर प्रत्येक चेंडू मातीत घातला असता तर त्याचं रेटिंग जरा वरच राहिलं असतं.

बाकीचं भराभर सांगतो. 1999चा अख्खा हंगाम खांद्याच्या शस्त्रक्रियेत गेला, वर संघाच्या व्यवस्थापकाशी भांडण आणि चार आठवड्यांचं निलंबन. 2000 मध्ये मनगटाचं दुखणं, आणि चार्जर्सचा हंगाम 1 विजय, 15 पराभव. मग टँपा बे, डॅलस, सिएटल हे संघ. शेवटचा जमाखर्च असा: 21 सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, 4 जिंकले, 14 टचडाऊन, 36 इंटरसेप्शन.

इतर दोन नावं इथे शेजारी ठेवावीत, म्हणजे लीफचं वेगळेपण कळतं. आर्ट श्लिक्टरला 1982 मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सने चौथ्या क्रमांकावर घेतलं तेव्हा जुगार त्याच्या अंगात मुरलेला होता. 1983 मध्ये लीगने त्याला निलंबित केलं. टॉड मॅरिनोविचला 1991 मध्ये रेडर्सने पहिल्या फेरीत घेतलं आणि अमली पदार्थांच्या चाचण्यांमध्ये तो दोन हंगामांतच बाहेर पडला. त्या दोघांचं व्यसन मैदानावर त्यांच्याबरोबरच उतरलं होतं. लीफच्या हाती ते रिकाम्या वेळात लागलं.

त्याने सांगितलेली हकीकत अशी. लास व्हेगासमध्ये तो बॉक्सिंगची लढत बघायला गेला होता. त्याचं नाव पुकारलं गेलं आणि लोकांनी हुर्यो उडवली. त्याच रात्री ओळखीच्या एकाने त्याला व्हायकोडिन ही वेदनाशामक गोळी दिली. गोळी खाल्ल्यावर लोकांच्या नजरा टोचायच्या थांबल्या. गुडघा किंवा खांदा त्यावेळी दुखत नव्हता, हा यातला महत्त्वाचा तपशील. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची, औषधं मेंदूतल्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) बसतात ते फक्त शरीराच्या वेदनेच्या वाटेवर नसतात. अपमान, एकटेपणा, नाकारलं जाणं यांचा सल जिथे जाणवतो तिथेही ते असतात. शस्त्रक्रियेनंतर घेतलेली गोळी दुखणं कमी झालं की बंद करता येते, कारण तिचं काम संपतं. लाज बोथट करायला घेतलेल्या गोळीचं काम कधी संपायचं?

आता गोळीकडे वळू. तेव्हाची साधी व्हायकोडिन म्हणजे 5 मिलिग्रॅम हायड्रोकोडोन हे ओपिऑइड आणि 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. असर चार ते सहा तास. रोज घेत राहिलं तर काही आठवड्यांत शरीर सरावतं आणि तेवढ्याच आरामाला एकाच्या दोन, दोनाच्या चार लागतात. इथेच घोडं पेंड खातं. सराव हायड्रोकोडोनचा होतो, यकृताला पॅरासिटामॉलचा सराव होत नाही. प्रौढ माणसाची पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे या गोळ्या 8 झाल्या की भरली. 750 मिलिग्रॅमवाल्या जास्त ताकदीच्या गोळ्यांत ती सहाव्या गोळीलाच ओलांडली जाते. व्यसनी माणूस मोजतो तो नशेचा भाग, आणि यकृत मरतं दुसऱ्या भागाने. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 मध्ये अशा गोळ्यांतलं पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅमवर आणायला सांगितलं ते याचसाठी.

गोळी थांबवली की पहिल्या दिवसातच अंग मोडून येतं. नाक वाहतं, जांभया येतात, काटा येतो, जुलाब लागतात, पाय झाडावेसे वाटतात, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळ्यात जास्त असतं आणि आठवड्याभरात बहुतेक ओसरतं. माजी खेळाडूच्या बाबतीत एक जास्तीचा फास असतो. गोळी सुटताना वेदना जाणवण्याची क्षमता वाढते, आणि आधी ठणकतात ते चिरफाड झालेले सांधे. त्याला प्रामाणिकपणे वाटतं की जुनी दुखापतच उलटली. तो डॉक्टरकडे जातो, व्रण दाखवतो, आणि डॉक्टरलाही ते खरं वाटतं. खांद्यावर आणि मनगटावर शस्त्रक्रियेची खूण असणाऱ्या माणसाला खोटं कागदपत्र बनवावंच लागत नाही.

पुरवठ्याची बाजू त्याहून सोपी होती. हायड्रोकोडोनच्या मिश्र गोळ्या तेव्हा अमली पदार्थांच्या कायद्याच्या तिसऱ्या, म्हणजे त्यामानाने सैल नियमांच्या, अनुसूचीत होत्या. म्हणजे डॉक्टरने फोनवर सांगितलं तरी दुकानदार देऊ शकायचा, आणि एकाच चिठ्ठीवर सहा महिन्यांत पाच वेळा पुन्हा घेता यायच्या. चार डॉक्टर गाठले आणि प्रत्येकाला बाकीच्या तिघांबद्दल सांगितलं नाही, की झालं. खेळाडूंमध्ये हे किती पसरलं होतं याचा अंदाज 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून येतो. त्यात एनएफएलच्या 644 निवृत्त खेळाडूंची पाहणी होती. खेळत असताना ओपिऑइड घेतल्याचं 52 टक्क्यांनी सांगितलं, आणि त्यांतल्या 71 टक्क्यांनी ती सांगितल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने घेतल्याचं कबूल केलं.

लीफ 2006 पासून वेस्ट टेक्सस ए अँड एम विद्यापीठात क्वार्टरबॅकांना शिकवत होता. काम त्याला जमत होतं, असं दिसतं. नोव्हेंबर 2008 मध्ये एका खेळाडूकडे वेदनाशामक गोळी मागितल्याचा आरोप झाला आणि त्याने राजीनामा दिला. सरकारी पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे आठ महिन्यांत त्याने आसपासच्या दुकानांतून जवळपास 1,000 गोळ्या मिळवल्या होत्या. दिवसाला चार. हा आकडा मला मोठा वाटत नाही, आणि भीती त्याचीच वाटते. दिवसाला चार गोळ्या खाणारा माणूस सकाळी सरावाला येतो, मुलांना शिकवतो, हसतो. बाहेरून काहीच दिसत नाही. एप्रिल 2010 मध्ये टेक्ससमधल्या अमारिलोत त्याने फसवणुकीने औषध मिळवल्याचे सात आणि औषधांचाच आणखी एक गुन्हा कबूल केला. 10 वर्षांची परिवीक्षा (तुरुंगाबाहेर, पण देखरेखीखाली), 20,000 डॉलर्स दंड. मधल्या काळात तो कॅनडातल्या एका केंद्रात उपचार घेऊन आला होता.

उपचारातून आल्यावर घसरणं याला लोक इच्छाशक्तीचा अभाव म्हणतात. हे साफ चूक आहे. विष उतरवणं हा पहिल्या आठवड्याचा भाग; झोप, चिडचिड आणि कशातच मन न लागणं महिनोन्महिने टिकतं. त्या काळाला पूल लागतो. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध त्याच ग्राहींवर बसतं, पण त्यांना अर्धवटच जागं करतं, म्हणून तलफ आणि त्रास दबतो आणि श्वास थांबण्याचा धोका कमी राहतो. अमेरिकेत ते 2002 मध्ये मंजूर झालं, पण ते लिहून द्यायला डॉक्टरला वेगळी परवानगी लागायची. ती अट थेट 2023च्या तोंडावर उठली. म्हणजे वेदनेची गोळी फोनवर मिळायची आणि तिच्यातून सोडवणाऱ्या औषधाला खास परवाना. ओपिऑइडचा असर अडवणाऱ्या नाल्ट्रेक्सोनचं महिन्याचं 380 मिलिग्रॅमचं इंजेक्शन या व्यसनासाठी ऑक्टोबर 2010 मध्ये मंजूर झालं. त्यात मेख अशी की आधी सात ते दहा दिवस अंगात ओपिऑइड नसायला हवं. घाई केली तर सुईबरोबरच सगळा त्रास एकदम उसळतो.

2011 मध्ये लीफच्या मेंदूतली गाठ काढली. ती कर्करोगाची नव्हती. 30 मार्च 2012ला त्याला ग्रेट फॉल्समध्ये, जिथे तो शाळेतल्या मुलांचा नायक होता त्याच गावात, अटक झाली. सुटून चार दिवस होत नाहीत तोच पुन्हा अटक. गोळ्यांसाठी घरात शिरणं आणि त्या बाळगणं हे त्याने कबूल केलं. सात वर्षांची शिक्षा, त्यातली दोन स्थगित, आणि सुरुवात बंदिस्त उपचार केंद्रात. तिथले नियम मोडल्यावर जानेवारी 2013 मध्ये त्याची रवानगी डीअर लॉजच्या राज्य तुरुंगात झाली. उपचाराच्या अटी मोडल्या म्हणून उपचारच काढून घ्यायचे, ही पद्धत मला कधीच पटलेली नाही. त्याने सांगितलंय की त्याच्या कोठडीतल्या सोबत्याने, एका माजी सैनिकाने, त्याला ग्रंथालयात ओढत नेलं आणि निरक्षर कैद्यांना वाचायला शिकवायला बसवलं.

6 ऑक्टोबर 2014ला अमेरिकेने हायड्रोकोडोनच्या गोळ्या दुसऱ्या अनुसूचीत टाकल्या. फोनवरची चिठ्ठी सर्वसाधारणपणे बंद, एकाच चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा घेणं बंद. दोन महिन्यांच्या आत, 3 डिसेंबर 2014ला लीफ तुरुंगातून बाहेर आला. बाहेर येण्याचे पहिले दोन आठवडे सगळ्यात जीवघेणे असतात, कारण शरीराचा सराव गेलेला असतो आणि डोक्यात मात्र जुनाच डोस असतो. लीफ ज्या राज्यात कॉलेजचं फुटबॉल खेळला त्या वॉशिंग्टनमधूनच सुटलेल्या कैद्यांचा 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: त्या दोन आठवड्यांत अतिसेवनाने मरण्याचा धोका इतर लोकांच्या 129 पट. लीफने ते दिवस काढले. पुढे त्याने व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांच्या निवासी केंद्रांसाठी काम केलं, आणि काही वर्षांनी तो सामन्यांच्या समालोचनात दिसू लागला. क्वार्टरबॅकने चेंडू उशिरा सोडला की ते त्याला कॅमेऱ्याच्या आधी दिसतं.