कोपऱ्यातलं भांडं

"किती गुळगुळीत! कॅलेंडरवरच्या देवासारखं."

दुपारी मोबाईलवर बूगरो या फ्रेंच चित्रकाराचं 'पिएता' हे चित्र दाखवलं, तर मैत्रीण एवढंच म्हणाली. मी गप्प बसले, पण दिवसभर ते टोचत राहिलं.

रात्री झूम करून पुन्हा पाहिलं. काळ्या वस्त्रातली ख्रिस्ताची आई मेरी, मृत मुलाला घट्ट कवटाळलेली, नजर थेट आपल्यावर. खाली कोपऱ्यात एक भांडं. त्यावर लॅटिन अक्षरं: माझ्या लाडक्या मुलाच्या, जॉर्जच्या स्मरणार्थ.

जॉर्ज १८७५ मध्ये गेला. अवघा १६ वर्षांचा. बापाने, म्हणजे बूगरोने, १८७६ च्या पॅरिस सालोन या कलाप्रदर्शनात हे चित्र मांडलं. पुढच्याच वर्षी बायकोही गेली.

आयुष्यभरात आठशेच्या वर चित्रं, ब्रशचा फटकारा कुठे दिसू न देणारी. पण ती अक्षरं रंगवताना हात थरथरला नसेल का हो?